फ्राक्टुर म्हणजे नाझी अक्षर का? ढोल पथकाच्या टी-शर्टवरून पडलेला प्रश्न

काळीशाई:
जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या ढोल पथकाला नवे टी-शर्ट करायचे होते. काळा शर्ट, पाठीवर देवनागरीत पथकाचं नाव आणि खाली शहराचं नाव फ्राक्टुरमध्ये असं मी सुचवलं, सगळ्यांना आवडलं, अक्षरंही मीच काढून दिली, तयार फॉन्ट न घेता रुंद निबने कागदावर लिहून, स्कॅन करून, मग एकेक अक्षर साफ करून. नंतर कमिटीतल्या एकाने ते चित्र जर्मन शेजाऱ्याला दाखवलं, तो म्हणाला हे घालून रस्त्यावर फिरू नका, लोक वेगळाच अर्थ काढतील, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निर्णय आला की नाव साध्या सरळ अक्षरात टाका. मला हे अजिबात पटलेलं नाही, का ते सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, न्यूयॉर्क टाइम्सचं नाव पहिल्या पानावर ज्या काळ्या टोकदार अक्षरात असतं ना, त्या सगळ्या घराण्याला ब्लॅकलेटर म्हणतात. टेक्स्टुरा, रोटुंडा, श्वाबाखर आणि फ्राक्टुर हे त्यातले चार मोठे प्रकार. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापलं ते टेक्स्टुरात, ल्यूथरचा १५२२ चा नवा करार निघाला श्वाबाखरमध्ये, आणि फ्राक्टुर आलं सम्राट मॅक्सिमिलियनच्या दरबारातून, त्याचं १५१३ चं प्रार्थनापुस्तक हे सुरुवातीचं उदाहरण. म्हणजे हिटलर जन्मायच्या पावणेचारशे वर्षं आधी.

आता मुख्य गोष्ट. ३ जानेवारी १९४१ ला हिटलरचा निकटचा सहकारी मार्टिन बोरमान याने हिटलरच्या वतीने एक पत्रक काढलं. गॉथिक अक्षरं (ब्लॅकलेटरचंच दुसरं नाव) जर्मन नाहीतच, ती श्वाबाखर-ज्यू अक्षरं आहेत असं त्यात ठोकून दिलं आणि इथून पुढे सगळं रोमन, म्हणजे आजच्या साध्या इंग्रजी पुस्तकात असतं तसल्या, अक्षरात छापायचा हुकूम सोडला. ज्यूंशी लावलेला तो संबंध निव्वळ थाप होती. आणि ज्या कागदावर हे पत्रक निघालं त्याचं वरचं छापील नाव फ्राक्टुरमध्येच होतं! म्हणजे नाझींनी ज्या अक्षराला हद्दपार केलं त्यालाच आज आपण नाझी म्हणून हाकलायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बरं जर्मनीत हे अक्षर दिसतच नाही असंही नाही. औषधाच्या दुकानांवर तो मोठा लाल ए असतो तो ब्लॅकलेटरचाच. फ्रांकफुर्टर आल्गेमाइनं या पेपरचं नाव आजही फ्राक्टुरमध्ये आहे, २००७ पर्यंत तर त्यांच्या मतलेखांचे मथळेही त्यातच असायचे. तिथे चालतं तर ढोलवाल्यांच्या पाठीवर का नाही? विरोधी मतं आली तरी चालतील, पण नुसतं 'भीतीदायक दिसतं' नको, कारण सांगा.

राईनकाठ:
ताई, इतिहास बरोबर आहे पण अर्धा आहे. १९४१ ची तारीख सगळे सांगतात, नाझी सत्तेवर आले ती १९३३ ची कोणी सांगत नाही. १९४१ च्या आधीची आठ वर्षं याच लोकांनी गॉथिक अक्षर डोक्यावर घेतलं होतं. टानेनबर्ग, नॅशनल, एलेमेंट, डॉइचलांड असे टाइप त्या १९३३ च्या आसपासच निघाले. फ्राक्टुरचे नाजूक वळसे आणि बारीक रेघा काढून टाकल्या, जाड, ताठ, कवायतीला उभं असल्यासारखं अक्षर उरलं, आणि पोस्टरवर, पाट्यांवर सगळीकडे तेच. इथले टाइपवाले त्या प्रकाराला लष्करी बुटांचं नाव लावून ओळखतात, उगाच नाही.

आणि आजचं बघा. मी इथे बरीच वर्षं राहतोय. उजव्या टोळक्यांच्या मोर्च्यात आणि फुटबॉलच्या दंगेखोर गटांत काळ्या शर्टावर पाठभर पांढऱ्या फ्राक्टुरमध्ये शहराचं नाव हा ठरलेला साचा आहे. तुम्ही केलेलं वर्णन तंतोतंत तेच आहे हो. औषधाच्या दुकानाचं उदाहरण इथे लागू होत नाही, ते एकच अक्षर आहे, लाल आहे, त्यात पेला आणि साप आहे, आणि ते भिंतीवर आहे. पाठीवरचं नाव माणूस स्वतःबद्दल काहीतरी सांगतोय असं वाचलं जातं. बसमध्ये समोर बसलेल्या बाईला दोन सेकंदात जे दिसेल ते दिसेल, तिथे बोरमानचं पत्रक समजावायला वेळ नसतो. शेजारी भल्यासाठीच बोलला. कमिटी बरोबर आहे.

गणित_वेडी:
राईनकाठ यांच्याशी असहमत. अक्षराचा अर्थ काय हे एखाद्या टोळक्याने ठरवायचं आणि बाकीच्यांनी ते मुकाट्याने सोडून द्यायचं, हे मला मान्य नाही. एमेस्सीपासून मी रोज फ्राक्टुर वाचते. ली बीजगणितं लिहायची तर छोटा जी फ्राक्टुरमध्ये, आयडियल (बीजगणितातला एक प्रकारचा संच) असेल तर पी आणि एम फ्राक्टुरमध्ये, वास्तव संख्यांचा संच केवढा मोठा हे सांगायला फ्राक्टुर सी. गणिती एमी नोएथरला ज्यू म्हणून १९३३ मध्ये गटिंगेन विद्यापीठातून काढलं, आणि तिने ज्या विषयाचा पाया घातला त्याच्या पुस्तकांत आयडियल आजही याच अक्षरांनी लिहितात. तिथे हे अक्षर तिचंही आहे.

एक विनंती मात्र सगळ्यांना. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाणित यादीत) गणितासाठी ही फ्राक्टुर अक्षरं वेगळी दिलेली आहेत, इन्स्टाच्या बायोमध्ये लोक त्यातूनच नाव लिहितात. ते करू नका. अंध माणसाचा स्क्रीन रीडर ते नाव म्हणून वाचत नाही, 'मॅथेमॅटिकल फ्राक्टुर कॅपिटल अमुक' असं एकेक अक्षर घोकत बसतो किंवा गाळूनच टाकतो.

जुळारी:
मी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस, हिटलर बाजूला ठेवतो, अक्षराबद्दल बोलतो. आमच्याकडे इंग्रजी खिळ्यांत ओल्ड इंग्लिशची, म्हणजे इंग्रजी वळणाच्या ब्लॅकलेटरची, एक केस (खिळ्यांची पेटी) होती. शाळेची प्रमाणपत्रं, मानपत्रं, चर्चमधल्या लग्नाच्या पत्रिका एवढ्यासाठीच ती उघडायची. कागदावर उतरल्यावर रुबाब दिसायचा यात वाद नाही. पण वाचायला? आय, एम, एन, यू शेजारी शेजारी आले की नुसतं कुंपण उभं राहतं, कुठला खांब कुठल्या अक्षराचा ते कळत नाही. आयवर टिंब आलं ते मुळात या उभ्या रेघांच्या गर्दीत तो ओळखू यावा म्हणूनच.

आणि हे काही परक्यांचं रडगाणं नाही. याकोप ग्रिम एवढा जर्मन भाषेचा अभ्यासक, १८५४ ला त्याच्या शब्दकोशाचा पहिला खंड निघाला तो रोमन अक्षरात. १९११ मध्ये जर्मन संसदेत रोमन अक्षर अधिकृत करा असा प्रस्ताव आला, तो ८५ विरुद्ध ८२ असा जेमतेम पडला. म्हणजे नाझी सत्तेवर यायच्या बावीस वर्षं आधी मत देणारे जवळजवळ निम्मे सभासद या अक्षराला कंटाळले होते! लंडनच्या टाइम्सनेही १९३२ मध्ये पहिल्या पानावरचं नाव गॉथिकमधून काढून रोमनमध्ये केलं. अक्षर वाचण्यासाठी असतं. शर्टावरचं नाव चालत्या माणसाच्या पाठीवर, दहा-पंधरा फुटांवरून वाचायचं असतं, तिथे एवढी कलाकुसर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. प्रमाणपत्रावर खुशाल वापरा.

रेडियमवाला:
आमचं रेडियमचं दुकान आहे, बुलेटची टाकी, ट्रकची काच, जिमचा बोर्ड सगळं करतो. हा फॉन्ट खूप मागतात पोरं, फोनवर कुठल्यातरी रॅपरच्या टॅटूचा फोटो दाखवतात आणि म्हणतात असंच पाहिजे. नाझी वगैरे इथे कोणाच्या डोक्यात पण नसतं. आमचा त्रास वेगळाय. सगळं नाव कॅपिटलमध्ये मागतात आणि मग कुणालाच वाचता येत नाही, वर आम्हालाच बोल. दुसरं म्हणजे प्लॉटरवर कटिंग झाल्यावर जास्तीचं रेडियम सोलताना त्या केसासारख्या रेघा सोबत निघून येतात, टाकीवर चिकटल्या तरी दोन पावसात उचलतात. काळीशाई ताई तुम्ही हाताने अक्षरं काढता तर सांगा यावर काय करायचं.

काळीशाई:
@रेडियमवाला, हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे म्हणून आधी तुम्हाला. सगळं नाव कॅपिटलमध्ये ही मागणी सरळ नाकारा. ब्लॅकलेटरचं कॅपिटल अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एकट्याने मिरवायला काढलेलं असतं, फ्राक्टुरमध्ये तर कितीतरी कॅपिटलची सुरुवात एका लांब वळशाने होते, जर्मन त्याला हत्तीची सोंड म्हणतात. आठ सोंडा ओळीने लावल्या की एकमेकींत अडकणारच. पहिलं कॅपिटल, बाकी लहान, आणि मग बघा तीच पोरं खूश होतात की नाही. बारीक रेघांचं असं की त्या पेनाच्या कडेने येतात, शाईत छान दिसतात, कापायच्या अक्षरात त्यांना जाडी द्यावीच लागते. फॉन्टची पूर्ण बाह्यरेषा फुगवू नका, त्याने आतल्या फटी बुजतात, फक्त त्या रेघा निवडून जाड करा.

@जुळारी काका, कुंपण दिसतं हे टेक्स्टुराबाबत खरं आहे, पण तुम्ही चारही प्रकार एका केसमध्ये टाकताय. छोटा ओ घ्या. टेक्स्टुरात त्याला वळण जवळजवळ नसतंच, सगळ्या सरळ रेघा, वर-खाली कोपरे मोडलेले. श्वाबाखरमध्ये दोन्ही कुशी फुगीर आणि वर-खाली टोक. फ्राक्टुरमध्ये डावी बाजू मोडलेली आणि उजवी वळणदार, आणि या एका अक्षरातल्या ओढाताणीवर अख्खा टाइप उभा असतो. ती उजवी कूस नीट फुगली की डी, बी, पी सगळे मोकळे होतात आणि कुंपण राहत नाही. शिवाय अंतर. अक्षराच्या आतली फट आणि दोन अक्षरांमधली फट सारखी पडायला हवी, आजकालचे बरेच फुकट फॉन्ट यात मार खातात, कारण एक चौकोनी टोक काढून तेच सगळ्या खांबांना डकवलेलं असतं, पेन कुठे वळला आणि कुठे उचलला याचा पत्ताच नसतो. ऑफेनबाखचा अक्षरकार रुडॉल्फ कोख याचं १९१० पासूनचं काम बघा, प्रत्येक खांबात हात दिसतो. आमच्या शहराच्या नावाचा शेवट सी-एचने होतो. फ्राक्टुरमध्ये ती जोडी एकसंध असते, अक्षरं लांब लांब बसवली तरी ती तोडत नाहीत. मीही तोडली नाही, आणि तिथेच ते नाव त्या शहराचं वाटायला लागतं.

@राईनकाठ, मी टानेनबर्ग काढलेलं नाही, उलट त्यांनी जे वळसे छाटले तेच परत आणलेत. कोखच्या हाताखाली शिकलेला बेर्टोल्ड वोल्पे ज्यू होता, १९३५ मध्ये त्याला इंग्लंडला जावं लागलं. हे अक्षर त्या लोकांच्या ताब्यात देऊन टाकणं म्हणजे वोल्पेलाही त्यातून दुसऱ्यांदा बाहेर काढणं आहे असं मला मनापासून वाटतं.

राईनकाठ:
वोल्पेचा मुद्दा मनाला लागला, खोटं बोलणार नाही. तरीही माझा आक्षेप तिथेच आहे. तुमच्या ओची उजवी कूस किती फुगली ते तुम्हाला दिसतं, मला दाखवलं तर मलाही दिसेल, रस्त्यावरच्या माणसाला दिसणार नाही. त्याला 'ते तसलं अक्षर' एवढंच दिसतं. इथल्या लोकांनी जे भोगलंय आणि जे केलंय त्यामुळे ते ताकही फुंकून पितात, आणि आपण त्यांच्या देशात राहतो तर त्यांच्या त्या सवयीचा मान ठेवावा.

उलटी_वेलांटी:
मला नाझींपेक्षा वेगळीच गोष्ट खटकते. परदेशात इंडियन रेस्टॉरंटच्या पाट्या बघितल्यात ना, रोमन अक्षरांच्या डोक्यावरून ओढलेली शिरोरेषा, आणि ते बघून आपल्याला काय वाटतं? मला तरी चीड येते. आमची लिपी म्हणजे तुम्हाला फक्त वरची रेघ दिसली का? मग जर्मन शहर आहे म्हणून फ्राक्टुर, हे त्याच जातीचं नाही का? बिअरचं लेबल, जुन्या खाणावळीची पाटी आणि आता ढोलाचा शर्ट, 'जर्मन' म्हटलं की हेच अक्षर.

दुसरं, ताईंनी वर देवनागरी आणि खाली फ्राक्टुर असं ठेवलंय, आणि माझा अंदाज आहे की दोन्ही एकमेकांना मिळतीजुळती दिसावीत म्हणून देवनागरीचीही वळणं मोडली असतील. हल्ली पोस्टरवर हे सर्रास दिसतं. बोरूने देवनागरी लिहिताना त्याचं टोक रोमनच्या उलट बाजूला तिरपं कापतात, त्यामुळे जाड-बारीक भाग पडतात तेच वेगळ्या जागी. रोमनच्या निबने देवनागरी लिहिली की क आणि त चा तोल जातो, मग ते कितीही 'भारी' दिसो.

भटक्या:
काळीशाई यांना माझा पाठिंबा. ब्लॅकलेटर जर्मन आहे हे गृहीतच मुळात अर्धवट आहे. मेक्सिकोत दुकानांच्या पाट्यांवर, गाड्यांवर हे अक्षर इतकं मुरलेलं आहे की तिथल्या लोकांना ते आपलंच वाटतं, कोरोना बिअरची बाटली आठवा. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत भिंतींवर, दंडावर, गळ्यावर हेच, आणि तिथून ते हिपहॉपमध्ये गेलं, रेडियमवाल्या दादांच्या दुकानात येणारी पोरं तोच धागा पकडून येतात. डेट्रॉइटच्या बेसबॉल टीमच्या टोपीवरचा डी पण ओल्ड इंग्लिशच, ती टोपी जगभर लोक घालतात. कोणाच्या अंगावर आहे त्यावर अर्थ ठरतो. सावळ्या माणसांच्या पाठीवर, ढोल वाजत असताना, हे अक्षर दिसलं तर त्या साच्यालाच तडा जातो ना?

पथकातला_ताशा:
मी त्याच कमिटीत आहे, नाव सांगत नाही. भटक्या यांचा मुद्दा मोठ्या माणसांसाठी ठीक आहे. आमच्या पथकात शाळेतली मुलं आहेत, ती हा शर्ट घालून वर्गात जाणार हे आम्हाला ठाऊक आहे, गेल्या वर्षीचा शर्टही ती शाळेत घालून जायची. मुलाला शिक्षिकेने बाजूला घेऊन विचारलं की हे काय घातलंय, तर त्या दहा वर्षांच्या पोराने साचा कसा मोडायचा? आम्ही अक्षराला वाईट म्हटलेलं नाही. निर्णय त्या पोरांचा विचार करून झाला, फक्त ग्रुपवर दोन ओळीत टाकल्यामुळे तो अपमानासारखा वाटला असेल, त्यासाठी समोरासमोर बोलायला हवं होतं.

काळीशाई:
@पथकातला_ताशा, हे कारण मला त्या दिवशी सांगितलं असतं तर मी भांडले नसते, दुसरा मार्ग शोधला असता. अजूनही आहे. काळ्यावर पांढरं आणि पाठभर शहराचं नाव हा साचा राईनकाठ म्हणतात तसा खरोखर आहे, तर तो मोडू. मळकट पांढरं कापड, गेरूच्या रंगात अक्षर, नाव सरळ ओळीत आणि तेही छातीवर लहान. मुलांच्या शर्टावर फक्त देवनागरी ठेवा. रविवारी नमुना छापून आणते.

@उलटी_वेलांटी, नाही, देवनागरीला हात लावलेला नाही, ती उलट तिरप्या टोकानेच लिहिलीय, दोन्हींत काळेपणा सारखा ठेवला एवढंच. आणि रेस्टॉरंटच्या पाटीशी तुलना मान्य नाही. तिथे एका लिपीवर दुसरीचं सोंग चढवतात. जर्मन भाषा ज्या अक्षरात शतकानुशतकं छापली गेली त्यात जर्मन नाव लिहिणं हे सोंग नाही.

राईनकाठ:
मुलांचे शर्ट वेगळे करताय हे उत्तम. गेरूचा रंगही बरा. मी तरीही घालणार नाही, माझा शर्ट साध्या अक्षराचा ठेवा, आणि तेवढी मोकळीक पथकाने सगळ्यांनाच द्यावी असं मीटिंगमध्ये मांडणार आहे.

जुळारी:
नमुना छापलात की लांबून फोटो काढून इथे टाका. पंधरा फुटांवरून वाचता आलं तर मी माझा आक्षेप मागे घेईन, नाही आलं तर नाही.

रेडियमवाला:
ताई तुमचं ऐकून एका पोराला पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकी लहान करून दिलं, सुरेश नाव होतं, टाकीवर एकदम भारी बसलं. आता फुकटात चांगला फॉन्ट कुठला ते सांगा, आणि एस दोन प्रकारचा दिसतोय तो कुठे वापरायचा?

काळीशाई:
युनिफ्राक्टुर मागुंटिया घ्या, १९०१ च्या माइन्झर फ्राक्टुरवरून केलेला मुक्त फॉन्ट आहे, सी-एच, सी-के, टी-झेड या जोड्या त्यात नीट दिल्यात, के आणि एक्सची आजच्या डोळ्यांना ओळखू येणारी रूपंही सेटिंगमधून निवडता येतात. जाड पाहिजे असेल तर युनिफ्राक्टुर कुक, तो कोखच्या जाड अक्षरावरून आहे, रेडियमला तोच बरा पडेल. एसचं म्हणाल तर जर्मनमध्ये लांब एस शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये, गोल एस शब्द किंवा जोडशब्दाचा भाग संपताना. गास्टहाउस लिहायचं तर पहिला लांब, शेवटचा गोल, आणि जर्मनीतल्याही कित्येक पाट्यांवर दोन्ही गोल असतात. पण तुम्ही लांब एसच्या भानगडीत पडू नका, बुलेटवर गोलच ठेवा, लांब एस लोक एफ वाचतात, मधे कुठे एस असलेला महेश आला तर त्याचा महेफ करून ठेवतील.